मेट्रनबाईंच्या गुडघ्यामुळे घडलेली काशीयात्रा

काशीला जायला गाठीशी पुण्य लागतं म्हणतात. मला आमच्या मेट्रनबाईंचा गुडघा पुरला. वाराणसीत नर्सेससाठी तीन दिवसांची कार्यशाळा होती, विषय ‘प्रगत परिचर्या : संधी आणि आव्हाने’. आमच्या साताऱ्याच्या रुग्णालयाला कसलंसं मानांकन मिळवायचं होतं आणि त्या फाइलीत अशा कार्यशाळेचं एक प्रमाणपत्र कमी पडत होतं. मेट्रनबाई जाणार होत्या. आदल्या आठवड्यात त्यांचा गुडघा सुजला आणि व्यवस्थापनाला अचानक आठवलं, की आपल्याकडे एक ‘प्रगत’ नर्स आहे.

ती मी. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये; आमच्या रुग्णालयालाही माहीत नाही. अनुभवी नर्सने आणखी शिकायचं, रुग्ण स्वतः तपासायचा, ठरवून दिलेल्या चौकटीत काही निर्णय स्वतः घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. अतिदक्षता विभागात बारा वर्षं काढल्यावर मी दोन वर्षं घर, नवरा, मुलगी सगळं मागे ठेवून हे शिक्षण घेतलं. जाताना संचालक म्हणाले होते, “शिकून या, तुमच्यासाठी नवीन पद काढतो.” तोंडीच म्हणाले होते. मी परत आले तेव्हा ते दुसऱ्या शहरात नोकरीला गेले होते आणि तोंड सोबतच घेऊन गेले होते. नव्या संचालकांनी माझं प्रमाणपत्र उजेडात धरून पाहिलं, “वा, छान!” म्हणाले, आणि वाढीव जबाबदारी म्हणून चादरींच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. ड्युटी तीच, पाळ्या त्याच.

तेव्हा संधी आणि आव्हाने या विषयावर माझा अभ्यास बराच होता.

दूधविनायक

गाडी धुक्यामुळे उशिरा पोचली, यात सांगण्यासारखं काही नाही. आयोजकांनी राहायची सोय एका वसतिगृहात केली होती, पण माझ्या सासूबाईंची मावसबहीण काशीत राहते, आणि काशीत नातेवाईक असताना वसतिगृहात उतरणं हे आमच्या घरात महापातक. ई-रिक्षा मैदागिनच्या चौकात सोडून गेली. पुढे दूधविनायक मोहल्ल्याच्या गल्ल्या. साताऱ्यात आम्ही ज्याला बोळ म्हणतो, त्याला इथे हमरस्ता म्हणत असावेत. एका वळणावर एक सांड आडवा उभा होता. मी थांबले. मागून एक गृहस्थ आले, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “चलो गुरू, बहिनजी को जाने दो.” सांड बाजूला झाला. इतक्या सौजन्याने माझ्यासाठी आजवर एकाही वरिष्ठ डॉक्टरने वाट सोडलेली नाही.

उषामावशी दुसऱ्या मजल्यावर राहते. तिने वरूनच हाक मारली, “ये गं शुभांगी, सीढ्या जरा बघून, तिसरी तुटलेली आहे.” पाच पिढ्या काशीत काढलेल्या घरात मराठी अशीच बोलतात, पायरीला सीढी आणि रजेला छुट्टी. काका महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी सांगतात. मावशी शाळेतून निवृत्त झाली आहे. आणि त्यांची मुलगी अपर्णा, तिशी ओलांडलेली, एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात नर्स आहे. ही नोकरी लागली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी मावशीची चौकशी ‘कोणी गेलं का?’ अशा सुरात केली होती म्हणे. आता त्याच घरांतल्या सुना बाळंतपणाला निघाल्या की आधी अपर्णाला फोन लावतात.

जेवायला वरण-भात, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचं लोणचं होतं. वरणात गूळ नव्हता, हिंग मात्र भरपूर होता. अपर्णा ड्युटीवर होती. मावशीने पहिल्या भातालाच मुद्दा काढला.

“तुला एक काम सांगायचंय. ही मुलगी म्हणते, अठरा महिन्यांच्या ट्रेनिंगला जायचं. प्रसूतीचंच काहीतरी, तू केलंस तसं. दुसऱ्या शहरात. पक्की नोकरी आहे, पेन्शन आहे. तू अनुभवी आहेस. तू समजाव तिला.”

“काय समजावू?”

“की तुला काय मिळालं ते.”

मावशीला सगळं माहीत होतं तर. सासूबाईंचा फोन आमच्या रुग्णालयाच्या सूचनाफलकापेक्षा वेगाने चालतो. मी मान डोलावली. मनातल्या मनात मला ते पटलंच होतं. अपर्णाला परावृत्त करायला माझ्याइतकी योग्य बाई अख्ख्या देशात मिळाली नसती.

सभागृहात

सकाळी मावशीने चुडा-मटर केला. तुपात परतलेले पातळ पोहे, त्यात कोवळे मटार, आलं, मिरी. आपल्या कांदेपोह्यांचा हा उत्तरेतला श्रीमंत भाऊ. ते खाऊन मी सभागृहात पोचले. दारातच एका मुलीने माझ्या गळ्यात नावाची पट्टी घातली. पट्टीवर लिहिलं होतं : डॉ. शुभांगी दामले.

माझ्या पदवीची आद्याक्षरं वाचून कोणीतरी हा निष्कर्ष काढला असावा. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर मला पहिल्या रांगेतल्या कापडी खुर्चीत बसवलं गेलं होतं. चहा कपबशीतून आला, काजूची बिस्किटं बशीत आली. शेजारच्या डॉक्टरसाहेबांनी अतिदक्षता विभागातल्या संसर्गाबद्दल माझं मत विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. आयुष्यात प्रथमच.

हे सुख तासभर टिकलं. मग यादी घेऊन एक आयोजक आले, वाकून म्हणाले, “मैडम, आप नर्स हैं क्या? माफ़ कीजिएगा, ग़लती हो गई.” मी विचारलं, “ग़लती माझं नाव लिहिण्यात झाली की खुर्ची देण्यात?” त्यांना मराठी कळली नाही हे बरंच झालं. मला सतराव्या रांगेत नेण्यात आलं, प्लास्टिकच्या खुर्चीत. तिथे चहा कागदी पेल्यात होता. पहिल्या रांगेतल्या त्या साहेबांनी वहीतली ती ओळ खोडली की नाही, ते मागून दिसलं नाही.

व्यासपीठावर सात जण होते. नर्सिंगच्या भवितव्यावर बोलायला नर्स सोडून सगळ्यांना बोलावलं होतं. नर्सेस होत्या तशा व्यासपीठावर, पुष्पगुच्छ द्यायला. प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं, नर्स ही माता आहे, भगिनी आहे, देवता आहे. कर्मचारी आहे, असं कोणीच म्हणालं नाही. देवतेला वेतनश्रेणी नसते, बदलीचं धोरण नसतं, म्हणून ही उपमा प्रशासनाला फार आवडते. चारच्या सुमारास एका वक्त्यांनी पडद्यावर एक शिडी दाखवली, प्रगत नर्सच्या कारकिर्दीची. वरच्या पायरीवर बसलेल्या बाईचा चेहरा परदेशी होता. आपल्याकडे त्या पायरीवर पद आहे का, असं पंधराव्या रांगेतून कोणीतरी विचारलं. “बहुत अच्छा सवाल है,” वक्ते म्हणाले आणि चहाची सुट्टी झाली.

बालाजी घाट

दुसऱ्या दिवशी अपर्णाला सुट्टी होती. पहाटे ती मला मंगला गौरीच्या दर्शनाला घेऊन गेली आणि तिथून पायऱ्या उतरून आम्ही बालाजी घाटावर आलो. धुक्यात पलीकडचा काठ नव्हताच. वाटेत कुल्हडातून मलइयो घेतला होता, दुधाचा केशरी फेस, थंडीतच मिळणारा. तोंडात टाकला की काही खाल्लं याचा पुरावा उरत नाही. शेजारच्या पंचगंगा घाटाकडून कोणीतरी स्तोत्र म्हणत होतं, मध्येच थांबून मोबाइलवर बोलत होतं आणि नेमकं तिथूनच पुढे सुरू करत होतं. ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला, मी चांगली दोन पायऱ्या खाली बसले. अपर्णाने आधी घोटा दाबून पाहिला, बोटं हलवायला लावली, मगच हसली.

“आईने सांगितलं असेल ना तुम्हाला, मला रोका म्हणून?” ती म्हणाली.

“सांगितलंय. आणि माझ्याकडे रोखण्यासारखं खूप आहे. ऐकायचंय?”

मी सगळं सांगितलं. तोंडी आश्वासन, नवे संचालक, चादरी. मुलगी सातवीत असताना गेले, परत आले तेव्हा ती मला विचारून नाही, सांगून बाहेर जायला लागली होती. ते सांगताना माझा आवाज जरा बिघडला. उपरोधाची एक सोय असते, तो तब्येत झाकतो; पण या जागी तो नेहमी तोकडा पडतो.

अपर्णा म्हणाली, “ताई, आता माझी ऐका. मागच्या थंडीत एक पेशंट होती. पहिलटकरीण. बीपी चढत होतं, डोकं दुखतंय म्हणत होती, डोळ्यांपुढे चमकतंय म्हणत होती. मी ज्युनिअर डॉक्टरला दोनदा सांगितलं, हिला बड्या डॉक्टरांना दाखवा. ते म्हणाले, सिस्टर, आप अपना काम कीजिए. दोन तासांनी तिला झटके आले.”

“वाचली?”

“वाचली. बच्चाही वाचला. पण चौकशी झाली, तेव्हा मला विचारलं, तुम्ही सांगितलं याचा काय सबूत? मी तोंडीच सांगितलं होतं ना. स्पष्टीकरण माझ्याकडून घेतलं.” ती पाण्याकडे बघत होती. “आता मी सगळं टाइम घालून लिहिते. पण लिहून काय? मला त्या वेळी नुसतं सांगायचं नव्हतं. मला तिला झटके रोखणारं मॅग्नेशियम चालू करायचं होतं. मला येतं ते. फक्त मी करायचं की नाही, ते कोणी ठरवलेलं नाही. म्हणून जायचंय मला. पद मिळो, न मिळो.”

मी तिला परावृत्त करायला आणलेली सगळी सामग्री तिथेच पायरीवर राहिली. तिची झटके आलेली पेशंट आणि माझं कपाट यांना एका तागडीत टाकायची मलाच लाज वाटली.

“मग अडलंय कुठे?”

“मिश्रा मॅडम. नर्सिंग सुपरिटेंडंट. ना-हरकत पत्रावर दस्तखत करत नाहीत. चार महिने चक्कर मारते आहे. कधी म्हणतात स्टाफ कमी आहे, कधी म्हणतात बघू. आणि फॉर्म परवा संध्याकाळपर्यंत द्यायचाय.”

“तू जाऊन काय म्हणतेस त्यांना?”

“म्हणते, मॅडम प्लीज.”

“बरोबर. मीही प्लीजच म्हटलं होतं. प्लीजला उत्तर तोंडी मिळतं.”

मी माझ्या पिशवीतून कार्यशाळेचं पॅड काढलं. त्याचा हा पहिला उपयोग. थंडीने बोटं वळत नव्हती, पण घाटावर बसून आम्ही दोघींनी अर्ज लिहिला. त्यात विनंती नव्हती, तीन कलमं होती. एक, प्रशिक्षणानंतर नेमणूक प्रसूती विभागातच व्हावी, स्टोअर किंवा अन्यत्र नाही. दोन, परतल्यावर कोणते निर्णय स्वतः घ्यायचे, त्याची लेखी यादी द्यावी. तीन, या काळात सेवाज्येष्ठता तुटू नये. आणि शेवटी : परवानगी नाकारायची असल्यास कारण लेखी कळवावे. हिंदी मसुदा अपर्णाने केला. माझी हिंदी वाचून मिश्रा मॅडमनी दोघींनाही नाकारलं असतं.

“हे जरा जास्तच होतंय का, ताई?”

“होतंय. म्हणूनच लिही.”

दोन शब्द

तिसऱ्या दिवशी समारोपाआधी तेच आयोजक माझ्याकडे आले. सतराव्या रांगेची भरपाई असावी. “मैडम, आप महाराष्ट्र से आई हैं, आप नर्स प्रैक्टिशनर भी हैं. पाँच मिनट बोल दीजिए. कुछ अच्छा-अच्छा.”

मी व्यासपीठावर गेले. अच्छा-अच्छा आठवायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. मग माझ्या सातारी हिंदीत म्हणाले, “मैं दो साल पढ़के आई. मेरे को चादर का चार्ज मिला.”

सभागृह हसलं. मीही हसले. मग मी सांगितलं, की त्यात चूक माझी होती, कारण मी काहीच लिहून घेतलं नव्हतं. तरुण मुलींना सांगितलं, शिकायला जरूर जा, पण जाण्याआधी विचारा : परत आल्यावर माझं पद काय, मी काय ठरवणार, मी कोणाला उत्तर देणार, आणि चूक झाली तर माझ्यामागे कोण उभं राहणार. हे कागदावर घ्या. “और कोई आपको देवी बोले, तो पूछना, देवी की छुट्टी कौन मंजूर करेगा?” मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. त्या पुढे सरकायला वेळ लागला. तिसऱ्या रांगेत एक जाडजूड चष्म्याच्या बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या, त्यांनी वाजवल्या नाहीत. प्रमुख पाहुणे मोबाइल बघत होते.

अपर्णा ड्युटी संपवून मला न्यायला आली होती आणि मागे उभी राहून ऐकत होती; मी उतरले तेव्हा ती पांढरीफटक. “ताई, त्या चष्म्यावाल्या मिश्रा मॅडम होत्या.”

“मग आत्ताच जाऊ. त्यांना सगळं ताजं आठवत असेल.”

मी म्हटलं खरं, पण रिक्षात मला कळत होतं, की मी या मुलीचं चार महिन्यांचं काम पाच मिनिटांत नासवलेलं असू शकतं. माझं काय, मी उद्याच्या गाडीने निघणार होते. त्या सुपरिटेंडंटच्या हाताखाली तिला आणखी कित्येक वर्षं काढायची होती. मला भाषण करायची एवढी हौस का आली, हे मी स्वतःला विचारत होते आणि अपर्णा मांडीवरचा अर्ज पुन्हा पुन्हा वाचत होती.

मिश्रा मॅडमनी आम्हाला उभंच ठेवलं. अर्ज सावकाश वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“यह किसने लिखवाया?”

“मैंने लिखा है, मैडम,” अपर्णा म्हणाली. आवाज कापत होता, पण ‘मैंने’ नीट आलं.

“मेरे पास लड़कियाँ आती हैं, रोती हैं. रोने पर मैं क्या लिखूँ?” त्यांनी पेन उचललं. दुसऱ्या कलमावर आडवी रेघ मारली. “यह मेरे हाथ में नहीं है. कौन-सा फ़ैसला नर्स लेगी, यह डॉक्टर लोग मुझे भी आज तक लिखकर नहीं दिए.”

हे त्या ज्या पद्धतीने म्हणाल्या, ते ऐकून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. टेबलावर रजेच्या अर्जांचे तीन गठ्ठे होते आणि खिडकीत धुऊन वाळत ठेवलेला जेवणाचा डबा. मग त्यांनी पहिलं आणि तिसरं कलम मान्य असल्याचं लिहिलं आणि ना-हरकत पत्रावर सही केली. कागद अपर्णाकडे सरकवत माझ्याकडे बोट केलं.

“और इनको बोलो, मेरे अस्पताल का नाम लेकर कहीं भाषण न दें.”

त्यांना पटलं होतं, की माझी धास्ती वाटली होती, की संध्याकाळी घरी जायची घाई होती, हे मला आजही सांगता येणार नाही. सही तिन्ही कारणांनी सारखीच दिसते.

फॉर्म वेळेत गेला. घरी मावशी कणीक मळत होती. अपर्णाने कागद दाखवला तेव्हा तिने हात पुसले नाहीत, लांबूनच वाचला.

“तुला समजावायला सांगितलं होतं ना मी?” ती मला म्हणाली.

“समजावलं ना, मावशी. अर्ज कसा लिहायचा ते समजावलं.”

ती हसली नाही. बराच वेळ कणीक मळत राहिली, लागत होती त्याच्यापेक्षा जास्त. मग अपर्णाला म्हणाली, “तिथे थंडी किती असते ते विचारलंस का कोणाला?” आणि त्या रात्रीच्या पुऱ्या फार छान झाल्या.

साताऱ्यात

माझं भाषण माझ्याआधी साताऱ्याला पोचलं होतं. टेबलावर खुलाशाची नोटीस होती : ‘संस्थेच्या प्रतिमेस बाधा येईल असे वक्तव्य.’ काशीहून गंगाजल आणतात, मी नोटीस मिळवली. खुलाशात मी दोन ओळींत दिलगिरी लिहिली आणि खाली तीन कलमी अर्ज जोडला, यावेळी मराठीत. संचालकांनी समिती नेमली. समितीत मीही होते, बैठकीचं इतिवृत्त लिहायला. चार बैठकांनंतर ठरलं, की अतिदक्षता विभागातून वॉर्डात आलेले रुग्ण सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मी स्वतंत्रपणे तपासावेत आणि केसपेपरवर माझी नोंद करावी. ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द अधोरेखित होते. पगार प्रायोगिकसुद्धा वाढला नाही.

अपर्णा तिकडे रुजू झाली आहे. जेवण बेचव, दोन शिक्षिका उत्तम, असं कळवते.

पहिल्या सोमवारी पहिलाच रुग्ण एसटीतले निवृत्त कंडक्टर होते. न्यूमोनियातून उठलेले. त्या दिवशी त्यांना घरी सोडायचं होतं, मुलगा बॅग भरूनच बसला होता. मी त्यांना जिन्यापर्यंत चालवून आणलं; तोवर सगळ्यांनी त्यांना पलंगावर झोपवूनच तपासलं होतं. बारा पावलांत ऑक्सिजन खाली आला आणि ओठांचा रंग बदलला. मी केसपेपरवर आकडे आणि वेळ लिहिली, आणि खाली : आज घरी सोडू नये, छातीचा एक्स-रे पुन्हा काढावा.

मुलगा वैतागला. वॉर्डातल्या वरिष्ठ डॉक्टरांना फोन गेला. ते आले, माझ्याकडे न बघता कागद वाचला आणि म्हाताऱ्यांना म्हणाले, “काका, जरा चालून दाखवा.” दोघे जिन्यापर्यंत गेले आणि हळूहळू परत आले. डॉक्टरांनी पेन काढलं, माझ्या नोंदीखाली ‘सहमत’ असं लिहिलं आणि एक्स-रेचा कागद भरायला घेतला.

मुलाने बॅग उघडून वडिलांचा टॉवेल पुन्हा दांडीवर टाकला. मी पुढच्या खाटेकडे गेले.